हातचे चार

सन ब्याऐंशी, दहावी, गणित: एकतीस.
पस्तिसाला चार कमी.
ऑक्टोबरला काठावर सुटले, पण अण्णा म्हणाले,
पोरीच्या जातीला पुरे एवढं.
तेव्हाचे ते चार
मी हातचे धरून चालत राहिले;
कुठल्या घरात मिळवायचे
ते कुणी सांगितलं नाही.

पुढे नाशिकरोडच्या प्रेसमध्ये, मोजणीला.
नोटांचे ताव, शंभराची थप्पी,
अंगठा ओला, डोळा कोरडा.
हाताखालून किती कोटी गेले विचारू नका.
सुटताना झडतीत
डब्यातली लोणच्याची फोडसुद्धा हिशेबात असायची.

मोजणं म्हणजे गणित नव्हे काकू,
हे मुबीन अत्तारनं सांगितलं.
तेवीस वर्षांचा. जेलरोडला क्लास घेतो.
पोरांना बाक, मला खुर्ची, गुडघ्यांसाठी.
पोरं एरवी चॉकलेट मागतात,
चाचणीच्या दिवशी मात्र
माझ्यापासूनही उत्तर झाकतात.
बरं वाटतं.

अडतं खूप.
ऋण गुणिले ऋण धन कसं होतं
यात माझा अख्खा श्रावण गेला.
पतपेढीचं कर्ज फेडलेल्या माणसाला
ते पटायला वेळ लागतो.

गोदेला पूर आला की आमच्याकडे विचारतात,
दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी?
गुडघ्याला, कमरेला, छातीला.
क्युसेकचा आकडा दुसऱ्या दिवशी पेपरात.
मी मुबीनला म्हटलं, बघ, ही आमची मोजपट्टी.
तो म्हणाला, छानच, पण
गुडघा आणि कंबर यांच्या मधलं पाणी
कुठे मांडाल?

त्या मधल्या पाण्यात अजून उभी आहे.

काल रात्री दोनचं वर्गमूळ घेऊन बसले.
समजा, तो अपूर्णांक आहे.
वर म, खाली न, अतिसंक्षिप्त रूपात,
म्हणजे दोघांत सामाईक काही नाही.
वर्ग केला. म सम निघाला.
भात गार झाला होता.
देवळालीकडून मालगाडी आली, लांबलचक,
आणि आयुष्यात पहिल्यांदा
मी डबे मोजले नाहीत.
न पण सम.
दोघं सम, म्हणजे दोघांत दोन सामाईक.
पण आपणच तर म्हटलं होतं, काही नाही.

म्हणून अशक्य.

हा शब्द ऐकत आले आहे मी.
अण्णांकडून, सासऱ्यांकडून,
एकदा बढतीच्या मुलाखतीत, चहा पीत पीत.
का, म्हटलं की विषय बदलायचा.
इथे कुणीतरी
सात ओळींत नीट कारण दिलं होतं,
आणि ते कुणीतरी मीच होते,
करंगळीला शाई लागलेली.

सकाळी पुन्हा पाहिलं तर चौथ्या ओळीत
एक वर्ग लिहायचा राहिलेला.
लाल पेन माझंच.
चारपैकी तीन दिले.
एक अजून हातचा.