मोजमापासाठी

ब्यूनस आयर्सच्या एका स्टेशनात
अठरा महिने मी फरश्या बसवल्या.
घरचा फोन नंबर विचारलात तर अडखळेन,
पण सात नंबरच्या फलाटाचा उतार
आजही झोपेत सांगेन : मीटरला दीड सेंटीमीटर,
रुळांच्या उलट बाजूला.

आधी टपऱ्या गेल्या.
चोरिसोची भट्टी गेली, एम्पनादावाल्याचं काचेचं कपाट गेलं,
मुलांचे मोजे आणि कॉफी
एकाच खिडकीतून विकणारा ओस्मार लुकेसी गेला,
किटली विसरून.
मग अडीच मीटर उंच प्लायवूड उभं राहिलं
आणि त्यावर चित्रं लागली :
हसऱ्या बायका, काचेचं छत,
पाच प्रकारचं सॅलड.
चित्रातल्या कुणालाच गाडी पकडायची नव्हती.

हेनारा ओवेलार चित्रात नव्हती.
पाडायच्या यादीतही नव्हती,
कारण तिला टपरीच नव्हती.
एक टोपली, वर पांढरं फडकं,
आत कसाव्याच्या पिठाचे, चीज घातलेले चिपा,
तिच्या पॅराग्वेतल्या गावासारखे, चिमूटभर बडीशेप टाकून.
जे बांधलंच नाही ते पाडणार कसं?
तिला नुसतं म्हणाले, "बाई, जरा पुढे सरका."
ती सरकली. पुन्हा सरकली.
सरकत सरकत कुंपणाला टेकली,
आणि कुंपणाच्या आत
आम्ही सदतीस उपाशी माणसं.

भोक मी पाडलं.
करवत माझ्या हातात होती, नाकारत नाही.
फोरमन बेरार्दीनं विचारलं, "हे कशाला?"
म्हटलं, "मोजमापासाठी."
तो वाकला, डोळा लावला.
पलीकडून एक गरम चिपा आत आला.
त्यानं तो मोजला,
दोन घासांत,
आणि म्हणाला, "थोडं मोठं कर."

वर्षभर मी हेनाराचा चेहरा पाहिला नाही.
हात ओळखायचो :
अंगठ्यावर भाजल्याचा डाग,
थंडीत बोटं कापलेला लोकरी मोजा.
सुट्टे नसले की ग्वारानीत काहीतरी पुटपुटायची,
शिवी असावी,
आणि एक चिपा जास्तीचा ढकलायची.
हिशेब तिच्याकडे. चुकला नाही कधी.

एकदा आर्किटेक्ट बाई आल्या,
काखेत नकाशा, डोक्यावर पांढरं हेल्मेट.
भोकापाशी थांबल्या.
आम्ही सगळ्यांनी श्वास रोखला.
बाईंनी पर्स उघडली.
पुढच्या नकाशात त्या जागी
पेन्सिलीनं, अगदी बारीक अक्षरात, लिहिलं होतं :
वायुवीजन.

उद्घाटनाच्या आदल्या रात्री प्लायवूड उतरवलं.
पहाटे ती समोर उभी, अख्खी बाई,
जेमतेम माझ्या खांद्याएवढी.
आवाजावरून मी तिला चांगली उंच समजत होतो.
म्हणाली, "दाखव तर काय केलंत."
मी फरश्या दाखवत होतो, ती दुकानं मोजत होती.
चौदा.
तिसऱ्यात, काचेमागे, पिवळ्या दिव्याखाली,
'हस्तनिर्मित चिपा', तिच्या सहापट भावाचा,
आणि भिंतीवर टोपलीचा फोटो.

तिनं एक घेतला. नाणी एकेक करून ठेवली.
चावला. बराच वेळ चावत राहिली.
मग काउंटरवरच्या पोराला विचारलं, "गाव कुठलं तुझं?"
"काकुपे," तो म्हणाला, खाली बघत.
"म्हणजे तुला कळतं."
"कळतं, मावशी. चीज.
पण इथे मोजून देतात."

उरलेला अर्धा तिनं फडक्याच्या कोपऱ्यात बांधला.
तेवढ्यात पाच बावन्नची गाडी आली,
माणसं सॅलडांवरून, खुर्च्यांवरून,
माझ्या ओल्या पॉलिशवरून धावत सुटली,
आणि त्यातून कुणीतरी, न थांबता,
"हेनारा, दोन!"

पहारेकरी नेमका तेव्हा
छताकडे बघत होता.
खोटं कशाला बोलू,
छत सुंदरच झालं आहे.