निथळ

हायवे सोडून खाडीच्या अंगाला वळलो
तर रिक्षावाला म्हणाला, पुढे शहर संपतं, साहेब.
मी म्हटलं, संपतं तिथेच टेबल सांगितलंय.

एकतीस वर्षं वजनमापं तपासली मी.
मुलुंड, भांडुप, घाटकोपर,
किराणावाल्यांचे काटे, पंपांवरचं पेट्रोल,
पारड्याच्या पोटाला चिकटवलेलं मेण.
निवृत्तीचा हार अजून फ्रिजवर वाळत होता.
बायला म्हटलं, चल, एकदा मोठ्या ठिकाणी जेवू.
तिने दोन लुगडी काढली, दोन्ही परत ठेवली,
आणि तिसरंच नेसली.

पाणी कुठलं आणू, विचारलं त्या पोराने,
तीन प्रकार सांगितले.
बाय म्हणाली, प्यायचं.

मग परातीएवढ्या ताटात मधोमध
बोंबलाचा एक तुकडा, अंगावर पांढरा फेस.
बत्तीस ग्रॅम. फार तर चौतीस.
(सवय आहे. जात नाही.)
पोराच्या छातीवर नाव होतं, लौकिक.
हात मागे बांधून तो पाठ केलेलं म्हणायचा,
प्रत्येक घासाचं गाव, गोत्र, धुराचं लाकूड.
बाय ऐकून घ्यायची, मान डोलवायची,
पोथी ऐकावी तशी.

चौथ्या खेपेला काळी पाटी आली,
पाटीवर मिठाच्या तीन ढिगल्या.
हे फ्रान्सचं, हे हिमालयाचं,
आणि हे इथलंच, समोरच्या मिठागरातलं,
हाताने वेचलेलं.

हाताने, हा शब्द बायने उचलला.
पंधराव्या वर्षापासून टोपल्या वाहिल्या तिने,
कोंडीतून बांधावर, बांधावरून होडीत,
टोपलीमागे एक पत्र्याचा बिल्ला.
बावीस किलो. ओलं असलं तर जास्त.
ते जास्तीचं कुणी कधी मोजलं नाही.
माझ्या परीक्षेची फी त्या बिल्ल्यांतून गेली.
वजनमापांच्या परीक्षेची.

चिमूट तिने जिभेवर ठेवली.
डोळेबिळे काही मिटले नाहीत.
"घाईत उचललंय," म्हणाली,
"निथळूच दिलं नाय. कडू पाणी राहिलंय आत."

लौकिकने हातातल्या यंत्रावर काहीतरी टिपलं.
ते पुढे कुणी वाचलं की नाही, कोण जाणे.

खेकडा आला, सोललेला, मऊ,
नांग्या कधी नव्हत्याच जणू त्याला.
एक आंबट बर्फ आला. एक पान आलं, नुसतं पान.
शेवटी बिल, आठ हजार सातशे चाळीस.
मी बेरीज दोनदा केली.
बरोबर होती.

बायचं लक्ष काचेकडे.
पलीकडे ओहोटी. काळ्या रेंद्यात
एकच दिवा हलत होता, बुटका, जमिनीलगत.
"चिंबोऱ्या," ती म्हणाली.
"बघ, वाकला. बिळात हात घातलान. आता थांबेल."
दिवा थांबला.
आम्ही दोघंही श्वास धरून. टेबलावर मेणबत्ती.
किती वेळ, ते मात्र मोजलं नाही मी.
मग दिवा झटक्यात वर आला
आणि बाय खुर्चीतल्या खुर्चीत हसली,
घावली त्याला.

तिने पिशवीतून मोबाइल काढला,
नातवाने शिकवलेलं बटण दाबलं
आणि उजेड हलवला, त्याच्यासाठी.
काचेने तो तिथल्या तिथे परत केला.
तिचा हात, झुंबर, माझं टक्कल,
एवढंच उजळलं.

मागून लौकिक धावत आला. बोलावलंत, मॅम?

बाय गडबडली. मोबाइल पदराखाली घेतला.
मग त्याच्याकडे नीट बघून म्हणाली,
"तू जेवलास का रे?"

त्याचे हात मागून सुटले.
पाठ केलेलं काही आठवेना त्याला.
"नाय अजून. साडेअकराला, सगळे गेले की."
"काय असतं?"
"डाळभात. कधी अंडं."
"आणि मीठ?"

तो हसला. दात जरा पुढे होते त्याचे.
"पुड्याचं, आजी.
पुड्याचंच असतं आमचं."