सातवी किटली

फेब्रुवारीत आग टेकडीवरून उतरली
एकेक पायरी मोजत आल्यासारखी.
एर्मिंदाचं घर झालं, तिच्या शेजारचं झालं,
मग वारा फिरला
आणि आमचं राहिलं.

राखेत सापडलं ते एवढंच:
कान तुटलेलं एक लोखंडी पातेलं
आणि मान मुरडलेला एक चमचा,
कुणावर तरी रुसल्यासारखा.

मग माणसं आली. बंदरावरून, चर्चमधून,
ट्रक भरभरून.
प्रत्येकाला वाटलं, बाईला आधी चहा लागेल.
सहा किटल्या जमल्या.
सातवी मी नेली.
लाल, जवळजवळ नवी.
(झाकण नीट बसत नव्हतं तिचं.
म्हणून तर नेली.)

पत्र्याच्या नव्या खोलीत ती उकिडवी बसलेली,
समोर किटल्यांची रांग,
प्रार्थनेला उभ्या केलेल्या शाळेतल्या पोरींसारखी.
"बस, यास्ना. एक निवड यातली."
मी म्हटलं, मी द्यायला आलेय.
"सगळे तेच म्हणतात."

आठवडाभरात तिनं वाटून टाकलं सगळं:
किटल्या, काचेचे अठरा पेले,
केक फेटायचं यंत्रसुद्धा,
विजेची तार अजून टेकडी चढायची होती तेव्हा.
तवा गेला एलेउतेरियोकडे.
त्याच्याकडे मासे होते, तवा नव्हता.

पातेलं ठेवलं.
सकाळी त्यात चहाचं पाणी.
दुपारी घेवडा, भोपळा, मक्याचे दाणे.
संध्याकाळी तेच घासून पुन्हा चहा.
त्याला कांद्याचा वास येतो
आणि ती ते कबूल करत नाही.

भांड्याला भांडं लागायचंच, म्हणतात.
तिच्याकडे लागायला दुसरं नाही.
माझ्याकडे बावन्न आहेत, एकदा मोजली मी.
कपाट उघडलं की झाकणं अंगावर येतात,
कुठलं कुणाचं, ते त्यांनाही आठवत नसावं.
नवरा म्हणतो, आवर.
मी म्हणते, लागतील कधीतरी.
कधी, ते तो विचारत नाही.

तिच्याकडे गेलं की थांबावं लागतं.
पातेलं रिकामं होईपर्यंत चहा नाही.
एकीचं खाऊन झाल्याशिवाय
दुसरीला चमचा नाही.
मधल्या वेळात काय करणार,
बोलावं लागतं.

अशीच एका दुपारी
चमच्याची वाट बघता बघता
मी सांगून टाकलं झाकणाचं.

ती चावत राहिली.
गिळून म्हणाली, "पहिल्याच दिवशी कळलं.
ओततानाच झाकण निसटलं, हात भाजला."

माझी नजर खाली.
"मग? कुणाच्या गळ्यात मारलीस ती?"

तिनं चमच्यानंच खिडकीकडे दाखवलं.
लाल किटली. तोंडापर्यंत माती.
वर बोटभर कोथिंबीर,
समुद्राच्या वाऱ्यानं एका अंगाला कललेली.

"तिला झाकण लागत नाही," म्हणाली,
चमचा झग्याला पुसला
आणि माझ्याकडे सरकवला.

घेवडा निवला होता.
पातेल्यात अजून अर्धा होता.