पलीकडे एक वाजला

नदीच्या अल्याड बाराचे ठोके पडले
तेव्हा पल्याडच्या गावात एक वाजत होता.
मध्ये पाणी, हाकेच्या अंतराचं.
बस इथून मागे वळते, पुढे रस्ताच नाही.
ड्रायव्हर इंजिन बंद करून संत्रं सोलत बसला.

फेलिज्बेलाच्या खानावळीत तीन खोल्या
आणि भिंतीवर दोन घड्याळं, खेटून.
एक पोर्तुगालचं. एक स्पेनचं.
स्पेनचं बंद आहे.
"सेल तिकडे स्वस्त मिळतात," ती म्हणाली,
आणि सूप वाढायला लागली.

सकाळी पाववाल्या आल्बेर्तिनूच्या गाडीतून
वरच्या गावांना गेलो, ती पुढे, मी पावांबरोबर.
पहिल्या गावात अकरा दारं,
कडीला पिशवी मात्र चारच दारांच्या.
तो हॉर्न वाजवतो, थांबतो, पाव टाकतो,
पाचव्या दाराशीही थांबतो क्षणभर.
सवय, म्हणाला.

दुसऱ्या गावात किल्ला. छप्पर नाही,
तटावर बडीशेप उगवलेली.
तोफेच्या भोकातून पाहिलं तर
समोरच्या डोंगरावर त्यांचा किल्ला,
तोही इकडेच बघत बसलेला.
शतकानुशतकं डोळ्यात तेल घालून राहिले दोघं,
आता दोघांचीही तिकिटं फक्त शनिवारी मिळतात.

तिसरं गाव म्हणजे एक सामायिक भट्टी,
एक बंद शाळा, आणि शाळेमागे
हद्दीचा दगड, गुडघ्याएवढा,
एका अंगाला पी कोरलेलं, दुसऱ्या अंगाला ई.
माझे डोळे आधी शेंदूर शोधत राहिले.
पलीकडून एव्तिमिया आली, नऊ शेळ्या घेऊन,
दगडावर बसली, बुटातला खडा काढला,
कुठल्या देशात टाकला ते पाहिलं नाही.
शेळ्या तोवर पोर्तुगालात चरत होत्या.

उतरताना फेलिज्बेला बोलायला लागली.
सोळाव्या वर्षापासून कॉफी वाहिली तिनं पाठीवरून,
वीस किलो, अमावास्या बघून,
कपड्यांची चुंबळ डोक्यावर, नदी छातीपर्यंत.
"वासाचंच भय. पोतं झाकता येतं,
वास कसा झाकणार?
आई पोत्यावरून लसूण चोळायची."
येताना काय आणायचीस?
"कापड. एकदा कात्री.
एकदा काहीच नाही, नुसतीच आले."

काठावर जकातीचा शिपाई असायचा,
तिच्याच वर्गातला, शेवटच्या बाकावरचा.
तो खोकला की समजायचं, पाठ फिरवली आहे, जा.
दोनदा खोकला तर झुडपातच बसायचं.
एका हिवाळ्यात त्याला खरोखरच खोकला झाला,
आठ दिवस कुणी नदीत उतरलं नाही.
ती हसली, तशी आल्बेर्तिनूही हसला,
ऐकलेली गोष्ट असून.

त्याचं नाव विचारलं.
तिनं काच खाली केली, बाहेर बघत राहिली.
पण गावाबाहेरच्या कबरस्तानात,
आईबापांच्या थडग्यांवर फुलं ठेवून झाल्यावर,
भिंतीकडेच्या एका साध्या दगडापाशी
ती जराशी थबकली
आणि खोकली.
एकदाच.

तिसऱ्या दिवशी झेफेरीनूच्या होडीतून पलीकडे गेलो.
पाच मिनिटांचं वल्हवणं, आणि एक तास गेला.
दुकानात सेल घेतले,
दुकानदारानं कशासाठी म्हणून विचारलं नाही.
परतताना तो तास पुन्हा हाती आला,
तो मी पायऱ्यांवर बसून खर्चला.
पाण्यात एक कोंबडा ओरडल्यासारखा वाटला,
कुठल्या काठाचा, कळलं नाही.

सेल तिच्या हातावर ठेवले.
"अरे वा," म्हणाली, पदराला नाही,
एप्रनला हात पुसले,
आणि काट्याचमच्यांचा खण उघडला.

त्यात आधीचे सहा होते,
वेष्टनासकट.