वझांकी

मामंजी नव्वदी पार केलेले, दातांची डबी उशाशी.
एका सकाळी म्हणाले, "शालन, वझांकी कर."
मी म्हटलं, वांगी?
"वांगी न्हवं. वझांकी. कोबीची. वळिवड्याची."

लढाईच्या दिवसांत वळिवड्याला पोलंडची माणसं होती
एवढं कोल्हापुरात आम्ही ऐकलेलं असतं.
पण आमच्या घरातला एक पोरगा
दुधाची चरवी घेऊन रोज त्यांच्या दारात जायचा
हे मला लग्नानंतर चौतीस वर्षांनी कळलं.

कृती तुकड्यातुकड्यांनी मिळाली,
एक तुकडा जेवताना, एक बीपीची गोळी गिळताना.
कणीक घट्ट. पातळ लाट. चौकोन काप. वाळव.
"शंकरपाळ्यांगत?"
"तशाच. पण गोड न्हाईत, तळायच्या बी न्हाईत."
म्हणजे चकोल्याच की, मी मनात म्हटलं,
वरणाविना पोरक्या झालेल्या.

कोबी मात्र आंबट पाहिजे.
लिंबू म्हटलं तर मान हलवली.
चिंच म्हटलं तर माझ्याकडे असं बघितलं
जसं पांढऱ्या रश्श्यात हळद घालणाऱ्याकडे बघावं.
शेवटी कपिलतीर्थातून दोन गड्डे आणले,
बारीक चिरून मिठात रगडले,
लोणच्याच्या बरणीत दाबून वर वरवंटा उभा केला.
आठव्या दिवशी धाकटी जाऊ नाक धरून आली,
गटार तुंबलंय का हो?
आतल्या खोलीतून मामंजी ओरडले, "आला! आला!"

त्या रविवारी तांबड्या-पांढऱ्याला सुट्टी.
कांदा लोण्यात परतला, पार तपकिरी होईतो,
मग तो आंबट कोबी, चिमूटभर शहाजिरे, भरडलेली मिरी.
कोबी तासभर कढईत स्वतःशी पुटपुटत राहिला.
चौकोन उकळत्या पाण्यात सोडले,
वर आले तसे झाऱ्यानं उपसून कोबीत.
लाल काहीच नाही.
हात सवयीनं दोनदा चटणीच्या डब्याकडे गेला,
दोनदा मीच त्याला मागे आणला.

पहिला घास. आम्ही सगळे त्यांच्या जबड्याकडे बघतोय.
"हे न्हवं," म्हणाले,
आणि दुसरा घेतला.
"काय कमी पडलं?"
"मला काय म्हाईत? मी खाल्लं कुठं?
आई म्हणायची, त्यांच्या भांड्यातलं तोंडात घातलंस
तर दारात उभा करणार न्हाई.
मी खिडकीखाली थांबायचो,
यादवीगाबाई दूध मोजून घ्यायची.
वास यायचा.
एकदा बाजेवर वाळत घातलेला चौकोन उचलला,
कच्चाच चघळत घरापतुर आलो.
पिठागत लागला."

कुणी काही बोललं नाही.
निनादनं हळूच कांदा-लसूण चटणी ओढून घेतली,
ताट लाल केलं, म्हणाला, आता नाद खुळा.
मामंजींनी आपलं ताट पुढे सरकवलं.
"घाल अजून. ते न्हवं हे. पण घाल."

रात्री ओटा पुसताना कापडावर
न उकडलेले चौकोन उरलेले दिसले. अकरा.
सकाळी दहा होते.
उंदीर असेल, जाऊ म्हणाली.
मी सापळा लावला नाही.