नर बोय, गाबोळीशिवाय

शिरवेळच्या जेटीवर सकाळी साडेसहाला
जैतून होडेकर टोपलीवरचं ओलं पोतं बाजूला करते
आणि मला बघून मान हलवते.
"सगली दुनिया गाबोळी मागते,
तू एकटीच नर शोधतेस."

मी बारा बोयी निवडते,
कल्ले अजून उघडझाप करणाऱ्या.
शेपटीच्या मुळाशी सुई, अर्धा मिली रक्त,
नळ्या बर्फात, आणि मासे परत तिच्याच टोपलीत.
तिचा धंदा मोडायचा नाही, हा आमचा करार.

पहिल्या वर्षी प्रयोगशाळेत
परदेशातून कुपी आली होती, कोरड्या बर्फात गुंडाळलेली.
ती कुठल्याशा थंड तळ्यातला मासा ओळखायची.
आमच्या बोयीपुढे मख्ख.

मग आम्ही आपलंच केलं.
गाभण मादीच्या रक्तातून
बलक व्हायला निघालेलं प्रथिन वाटेतच गाठलं,
गाळलं, आणि सशाला टोचलं. ससा नंबर चार.
त्यानं उभ्या जन्मात समुद्र पाहिला नाही.
सुई दिसली की कान पाडायचा.
तरी त्याचं रक्त ते प्रथिन असं ओळखू लागलं
जसं जैतून अंधारात टोपलीत हात घालून सांगते,
ही बोय, ही शेंगाळी, हात सांभाळ.

पुस्तकात त्याला प्रतिपिंड म्हणतात.
हा शब्द टाइप करताना दर वेळी
मला आप्पांचा दहावा आठवतो.
केळीच्या पानावर भात, आणि सगळे उंडीच्या झाडाकडे बघत उभे.
शिवेल का.
का शिवत नाही.
काय राहिलं असेल मनात.
शहाण्णव खळग्यांच्या ताटलीपुढे मी तशीच उभी राहते,
घड्याळ लावून, पंधरा मिनिटं.
फक्त इथं, नरांच्या रांगेत,
कुणी शिवू नये असं वाटत असतं.

आधी निळं येतं. मग आम्लाचा थेंब, आणि पिवळं.
माद्यांच्या रांगेत गडद, ते ठरलेलंच.
नर सात.
नर आठ.
नर अकरा, हळदीचं पाणी.
मी सगळं पुन्हा केलं. पुन्हा पिवळं.
सर म्हणाले, नळ्यांची अदलाबदल झाली असेल,
सध्या पेन्सिलीनं लिही.

शनिवारी जैतूनला सांगितलं.
वरून पाण्यात काहीतरी उतरतंय,
माद्यांच्या अंगातल्या निरोपासारखं बोलतं,
आणि नर ते ऐकतात.
ती टोपलीवर पाणी शिंपडत राहिली.
"म्हंजे पोट न्हाय, पन डोहाळे हायत."
मग हात पुसून,
"आनि आमी खातो त्याचं काय?"

त्यासाठीचा ससा आमच्याकडे नाही.

तिनं दोन बोयी कागदात बांधून दिल्या, पैसे घेतले नाहीत.
घरी विळीवर पोट उघडलं,
पित्ताला धक्का न लावता काळीज काढलं,
नळाखाली धरून बराच वेळ बघितलं.
नेहमीसारखंच तपकिरी.
कालवणात तिरफळं जरा जास्तच पडली.