सात रुपये बाकी

थंडीचा जुना कोट काढला
तर आतल्या खिशात एक पांढरी चिठ्ठी निघाली.
मशीनचं छापील सगळं उडालंय,
खानापूर ते बेळगाव, तारीख, भाडं.
पाठीमागे मात्र निळ्या पेनानं मारलेला
कानडी सात,
गळासारखा वाकडा.

सुट्टे नव्हते कंडक्टरकडे.
'इळिवाग तगोरी' म्हणाला, उतरताना घ्या.
उतरताना विसरलो.
सगळं लक्ष पासपोर्टच्या पिशवीकडे.

म्हणजे माझे सात रुपये येणे आहेत
मलप्रभेच्या त्या अंगाला.

लिंझमध्ये कुणाकडे काही येणं राहत नाही.
यंत्र मोजून परत देतं.
ट्राम सहा चौदाची म्हणजे सहा चौदाची.
एकदा बारा मिनिटं उशीर झाला,
फोरमनपुढे उभा राहिलो आणि ध्यानात आलं
की माझ्याकडे कारणच नाही.

उद्यमबागेत होतं.
'गेट पडलेलं,' एवढं म्हटलं की झालं.
मालक, हिशेबनीस, साचे भरणारे आम्ही,
सगळेच कधी ना कधी दुसऱ्या गेटाला अडकलेले,
गाडी बंद करून, एक पाय टेकून,
मालगाडीचे डबे मोजत.
बेचाळीस. त्रेचाळीस.
भरमा घाडी दर वेळी एक जास्त मोजायचा
आणि वर भांडायचा, तूच झोपलास म्हणून.
असं फुकटचं उभं राहणं
इथे कुठल्या दुकानात मिळत नाही.

कुंदा येतो. सुरेखाक्का पाठवते.
कस्टमवाले उघडून बघतात, वर त्यांची चिकटपट्टी लावतात.
खातो मी, नाही कशाला म्हणू,
पण मला हवा असतो डब्यावरचा दोरा,
वर टांगलेल्या रिळातून सर्रकन ओढलेला,
बोटाला पीळ देऊन तटकन तोडलेला.
आता बहिणीला काय सांगू,
दोरा पाठव म्हणून?

आई फोनवर विचारते, 'काय करालास?'
पुण्यात हॉस्टेलच्या पोरांना या 'करालास'चं भारी हसू यायचं.
दोन वर्षं मी तो दाताआड दाबून ठेवला,
'करतोयस, करतोयस' म्हणत फिरलो.
आता फोन ठेवला की बेसिनपाशी
एकटाच मोठ्यानं बोलतो,
काय करालास गा?
भांडी घासालोय.
बाहेर काय पडालंय?
बर्फ पडालंय.

आणि हे तर कुणाला पटायचं नाही.
गेल्या महिन्यात कँटीनमधली बाई कॉफी ओतत होती,
कप काठाशी आला,
माझ्या तोंडून निघालं, 'साकु, साकु!'
जर्मन नाही, इंग्रजी नाही,
आईची मराठीसुद्धा नाही.
जिचा पेपर मी पस्तीस मार्कांवर ढकलला,
जिच्या पाट्यांखाली उभं राहून
दुसऱ्याला विचारलं ही बस कुठं जाते,
चौकात जिच्यावरून आमच्या घोषणा, त्यांच्या घोषणा,
मग दोघांचाही चहा एकाच गाड्यावर,
ती माझ्या जिभेखाली
बिनभाड्यानं राहत होती इतकी वर्षं.

बाई थांबली.
तिला बरोबर कळलं.

त्या रात्री आईला तिकिटाचं सांगितलं.
म्हणाली, सात रुपयांसाठी एवढा फोन?
मग बराच वेळ काही बोलली नाही.
मागे भांड्यांचा आवाज,
गल्लीत कुणीतरी कुणालातरी 'ये, बा इल्ली' म्हणालं,
गाडी सुरू झाली, गेली.

'भाडं वाढलंय आता,' आई म्हणाली.
'येताना सुट्टे घेऊन ये.'